घोडा कोणाचा? : बारगिराच्या पागेपासून रेसकोर्सच्या तबेल्यापर्यंत

#थ्रेड #इतिहास #दख्खन

१/ दख्खनमध्ये घोड्याच्या व्यवसायात पाऊल ठेवणाऱ्या तरुणाला शतकानुशतके एकच प्रश्न पहिल्यांदा विचारला जात असे : घोडा कोणाचा? स्वतःचा घोडा घेऊन आला तो शिलेदार. दुसऱ्याच्या घोड्यावर बसला तो बारगीर. पगार, मान आणि पुढची वाट या एका उत्तरावर ठरे. आज मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर हे दोन शब्द कोणी उच्चारत नाही. प्रश्न मात्र तोच आहे. थरोब्रेड घोड्यांच्या शर्यतींत ‘उमेदवारी’ कशी सुरू होते आणि तिची मुळे किती जुनी आहेत, याचा हा मागोवा.

२/ प्रारंभ छत्रपती संभाजीनगरपासूनच करावा लागतो. १६१० मध्ये मलिक अंबरने येथे खडकी हे नगर वसवले. हा पुरुष इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा सूत्रधार बनला. ज्याच्या मालकीचे स्वतःचे शरीरही नव्हते, त्याने मराठा बारगिरांच्या चपळ घोडदळाच्या बळावर मुघलांना वर्षानुवर्षे दमवले. दख्खनमध्ये घोडा हा वर चढण्याचा जिना होता, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

३/ हा जिना शिवकाळात कसा बांधला गेला, ते कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत दिसते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. राज्याची पागा शिलेदारांपेक्षा वरचढ ठेवलेली होती. म्हणजे स्वतःचा घोडा नसलेला बारगीरही राज्याच्या घोड्यावर बसून, राज्याचे वेतन घेऊन पायरी पायरीने वर जाऊ शकत होता.

४/ त्याच बखरीतील एक तपशील सहज नजरेआड होतो. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला आहे. पाणी भरणारा आणि नाल ठोकणारा हे सैन्याच्या आराखड्यातच मोजलेले आहेत. घोडा लढाईत धावतो, पण तो धावण्याजोगा राहतो तो तबेल्यातील माणसांमुळे, हे त्या व्यवस्थेला पक्के ठाऊक होते. हा तपशील लक्षात ठेवावा. थ्रेडच्या शेवटी त्याची गरज पडेल.

५/ पागेभोवती कामांची एक पूर्ण दुनिया होती. घोड्याची निगा राखणारा मोतद्दार किंवा साईस. अडेल शिंगराला चालीवर आणणारा चाबूकस्वार. नाल ठोकणारा नालबंद. शालिहोत्राच्या अश्ववैद्यकावरून नाव पडलेला सालोतरी. पागेचा हिशेब ठेवणारा पागनीस. यांतली कितीतरी नावे आज आडनावे होऊन उरली आहेत : पागे, पागनीस, चाबुकस्वार, नालबंद, शिलेदार. ही मुळात नोकरीची पदे होती.

६/ या पदांसाठी शाळा नव्हती. मुलगा बापाबरोबर किंवा मामाबरोबर तबेल्यात शिरे. आधी लीद उचलायची, मग खरारा करायचा, मग चंदी भिजवायची. घोडा आजारी आहे हे त्याच्या कानांवरून आणि खाण्यावरून ओळखता येऊ लागले की घोडा फिरवायला मिळे. बसायला मिळे ते फार पुढे. शिकाऊ माणसाला ‘उमेदवार’ म्हणत. आज निवडणुकीपुरता उरलेला हा शब्द तेव्हा उमेद धरून बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर राबणाऱ्याचा होता.

७/ आता घोड्याकडे वळू. मराठ्यांचा नावाजलेला घोडा भीमथडीचा : भीमा नदीच्या खोऱ्यातला, काटक, थोड्या चाऱ्यावर मैलोगणती चालणारा. त्याच्या रक्तात अरबी घोड्यांचा अंश मिसळत गेला असे मानतात. हा घोडा लांब दौडीसाठी घडलेला होता. दोन-तीन मिनिटांच्या भरधाव शर्यतीसाठी लागणारा घोडा वेगळा, आणि तो वेगळ्याच देशात घडत होता.

८/ १७ व्या शतकाच्या अखेरीपासून १८ व्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पूर्वेकडील तीन घोडे इंग्लंडमध्ये पोहोचले : बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. तेथील घोड्यांशी त्यांचा संकर झाला. जगातल्या प्रत्येक थरोब्रेड घोड्याची पितृपरंपरा या तिघांपैकी एकाशी जाऊन भिडते. १७९० च्या दशकात या घोड्यांच्या वंशावळींचे ‘जनरल स्टड बुक’ छापले गेले. नोंद नाही तर थरोब्रेड नाही, हा नियम तिथून रूढ झाला.

९/ भीमथडीच्या वाट्याला अशी छापील वही आली नाही. तिचे गुण लोकांच्या तोंडी राहिले. ‘स्वतंत्र जात’ ही सरकारी मान्यता तिला मिळाली ती अगदी अलीकडे, २१ व्या शतकात. थरोब्रेडची अवाढव्य किंमत आणि भीमथडीची उपेक्षा यांच्यामागे धावेचा वेग आहे, तशी कागदाची ताकदही आहे. सारंगखेडा किंवा नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेत घोडा आजही डोळ्यांनी पारखला जातो. रेसच्या जगात आधी त्याचे आई-बाप वाचले जातात.

१०/ ही दोन जगे मराठवाड्याच्या मातीत समोरासमोर आली ती २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या लढाईत. आर्थर वेलस्लीच्या अंगाखालचा एक घोडा त्या दिवशी ठार झाला. त्याचा आवडता अरबी घोडा डायोमेड याच्या छातीत भाला घुसला. १७८० मध्ये इंग्लंडच्या एप्सम येथे झालेली पहिली डर्बी जिंकणाऱ्या घोड्याचे नावही डायोमेडच होते. इंग्रज अधिकारी हिंदुस्थानात आले ते रेसचे वेड सोबत घेऊनच.

११/ असईच्या आदल्याच वर्षी, १८०२ मध्ये, मुंबईत टर्फ क्लबची सुरुवात झाली होती. शर्यती भायखळ्याला होत. १८८३ मध्ये रेसकोर्स महालक्ष्मीला गेले. पुण्यात लष्कराच्या जागेवर १८३० पासून धावपट्टी होती. निजामाच्या राज्यात १८६८ मध्ये मौला अली येथे शर्यती सुरू झाल्या आणि १८८६ मध्ये त्या हैदराबादच्या मलकपेठेत आल्या. औरंगाबाद हैदराबाद संस्थानात होते. त्यामुळे येथल्या घोडेवाल्या तरुणापुढे दोन दिशा होत्या : पश्चिमेला मुंबई-पुणे, पूर्वेला हैदराबाद.

१२/ १९ व्या शतकात मुंबईच्या धावपट्टीवर अरबी घोड्यांचे राज्य होते. बसरा आणि आखाती बंदरांतून ते जहाजाने येत आणि अरब व्यापाऱ्यांच्या तबेल्यांत उतरत. नंतर ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधून आलेले ‘वेलर’ आणि इंग्लंडचे थरोब्रेड वाढत गेले. घोडा परका, मालक परका किंवा संस्थानिक, नियम इंग्रजी. त्याला चंदी घालणारा, खरारा करणारा आणि पहाटे फिरवणारा मात्र या मातीतला. तबेल्यात शिरायला वंशावळ लागत नव्हती.

१३/ या काळात मराठवाड्यात घोड्याची खात्रीची नोकरी म्हणजे हैदराबाद कंटिंजंटचे घोडदळ. त्याच्या छावण्या औरंगाबाद आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे होत्या. भरती शिलेदारी पद्धतीची. स्वाराने घोडा आणायचा किंवा त्याची किंमत भरायची. पथकातील घोड्याच्या जागेला ‘असामी’ म्हणत. ही असामी विकता येई आणि वारशानेही मिळे. एखाद्याकडे अनेक असाम्या असत आणि तो त्यांवर बारगीर बसवी. जुना प्रश्न नव्या वर्दीत परत आला होता.

१४/ शिलेदारीची दुसरी बाजूही होती. जून १८५७ मध्ये औरंगाबादेत कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळात बंडाळी झाली. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार, अशी बातमी पथकात पसरली होती. बंड मोडले गेले आणि पकडलेल्यांना देहदंड झाला. शहरातील काला चबुतरा ही त्याची खूण. शिलेदारी पद्धतीत स्वाराची नोकरी गेली की जन्माची पुंजीही गोत्यात येई, कारण त्याचे भांडवल घोड्यातच गुंतलेले असे. घोडा स्वतःचा असणे म्हणजे धोकाही स्वतःचाच.

१५/ घोडदळाची दारे पुढे बंद होत गेली. १९०३ मध्ये कंटिंजंटची पथके हिंदी सैन्यात विलीन झाली. त्यांतूनच डेक्कन हॉर्स हे नाव पुढे आले. जुलै १९१६ मध्ये फ्रान्समधील सोमच्या लढाईत, हाय वूडजवळ, डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी भाले रोखून चढाई केली. पहिल्या महायुद्धानंतर शिलेदारी पद्धत संपली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास घोडे गेले आणि रणगाडे आले. पिढ्यान्पिढ्यांचे कसब हाताशी होते, पण ते वापरायला लष्करात जागा उरली नव्हती.

१६/ रेसकोर्स मात्र भरभराटीला आले होते. १९३५ मध्ये मुंबईच्या क्लबला ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. तिसरे आगाखान यांचा शर्यतींचा वारसा मुंबई-पुण्याचा. त्यांच्या घोड्यांनी १९३० ते १९५२ या काळात एप्समची डर्बी पाच वेळा जिंकली. बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड यांनी इंग्लंडमध्ये २८,००० गिनी मोजून एक शिंगरू घेतले आणि त्याचे नाव ठेवले ‘सयाजीराव’. १९४७ मध्ये त्याने इंग्लंडची सेंट लेजर जिंकली. शिलेदारीचे हे विसाव्या शतकातील राजेशाही रूप.

१७/ महायुद्धाच्या ऐन काळात, १९४३ मध्ये, महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी झाली. भारतात जन्मलेल्या चार वर्षांच्या घोड्यांची २,४०० मीटरची ही शर्यत. जिंकली प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने. मालक बडोद्याचे महाराज, जॉकी ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. घोडी भारतीय, मालक भारतीय, खोगिरावर मात्र परदेशी. तबेल्यात वाढलेल्या भारतीय पोराला अजून शेवटची पायरी चढायची होती.

१८/ ती पायरी पुढच्या काही वर्षांत चढली गेली. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे ही नावे मुंबई-पुण्याच्या रेसवेड्यांच्या तोंडी झाली. इंग्रजी आणि ऑस्ट्रेलियन नावांच्या रांगेत खाडे, चव्हाण, शिंदे झळकू लागणे ही सामाजिक इतिहासातील नोंद घेण्याजोगी घटना आहे. बारगीर मालक झाला नाही. पण त्याचे कसब इतके मोलाचे ठरले की मालकच त्याच्या होकाराची वाट पाहू लागले.

१९/ हे शक्य झाले ते रेसच्या नियमांतील एका चतुर तरतुदीमुळे. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन लादले जाते. गरज पडल्यास शिशाचे तुकडे घालून ते पूर्ण करतात. शिकाऊ जॉकी बसला तर त्या वजनात काही किलोंची सूट मिळते, आणि त्याचे विजय वाढतील तशी ती घटत जाते. म्हणजे नवखेपणालाही बाजारात किंमत येते. ट्रेनर अनोळखी पोराला संधी देतो तो केवळ दयेपोटी नव्हे. हलका घोडा वेगाने धावतो, हे त्यामागचे गणित.

२०/ आजची शिडी अशी : साईस, मग पहाटेच्या सरावात घोडा पळवणारा रायडिंग बॉय, मग अप्रेंटिस जॉकी, मग जॉकी आणि शेवटी परवानाधारक ट्रेनर. शिकाऊ जॉकींसाठी क्लबची प्रशिक्षणशाळा पुण्यात आहे. काम सूर्योदयाआधी सुरू होते. थंडीत मुंबईचा हंगाम, पावसाळ्यात पुण्याचा, आणि घोड्यांबरोबर माणसांचेही बिऱ्हाड फिरते. जॉकीला वजन काट्यावर ठेवावे लागते. भूक मारण्याची शिक्षा रोजची आणि पडण्याचा धोकाही रोजचा. ‘घोडेमैदान जवळच आहे’ ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते.

२१/ खोगिरापर्यंत न पोहोचताही या व्यवसायात उभे राहता येते. नालबंद आजही लागतोच. शर्यतीसाठी तो लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमचे हलके नाल ठोकतो. पुण्याच्या परिसरातील स्टड फार्मवर घोडीच्या विण्यापासून शिंगराला लगामाची सवय लावण्यापर्यंतची कामे असतात. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन मान्य नाही, त्यामुळे पैदाशीतील जाणकार हातांची गरज संपलेली नाही. वंशनोंदीचे कार्यालयही पुण्यातच आहे. चाबूकस्वाराचे काम जुनेच आहे, फक्त त्याचे नाव इंग्रजी झाले.

२२/ सालोतरीची गादी पशुवैद्यकाकडे आली. मुंबईत परळला १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. मराठवाड्यात परभणीला ते १९७२ मध्ये आले, पुढे उदगीरलाही झाले. जे ज्ञान पूर्वी बापाकडून मुलाकडे जाई, ते आता प्रवेशपरीक्षा देऊन मिळते. संभाजीनगरात थरोब्रेडचे रेसकोर्स नाही. पण तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला या जगात शिरण्याची सर्वांत भक्कम वाट परभणीवरून जाते, कारण पदवी कोणाच्या मर्जीवर टिकत नाही.

२३/ घोड्याची कारकीर्द माणसाहून लहान असते. पुढे त्याचे काय? १९४६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या पूनावाला स्टड फार्मचे निवृत्त घोडे परळच्या हाफकिन संस्थेकडे जात. तेथे त्यांच्या रक्तातून प्रतिविष सीरम तयार होई. या व्यवहारातूनच सायरस पूनावाला यांना कल्पना सुचली आणि १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. जगातील एका अग्रगण्य लसउद्योगाची पाळेमुळे रेसच्या तबेल्यात आहेत.

२४/ नाण्याची दुसरी बाजू सांगायलाच हवी. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असा निर्वाळा दिला. तरी तिचा गाडा पैजेच्या पैशावर चालतो आणि त्या पैशाने अनेक घरे धुळीला मिळवली, हेही खरे. शिवाय जागेचा प्रश्न आहे. महालक्ष्मीचा जुना भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. २०२४ मध्ये तेथील सुमारे १२० एकर जागा उद्यानासाठी महापालिकेकडे देण्याचा निर्णय झाला. शहराला मोकळी जागा हवी, यात वाद नाही. पण या चर्चेत तबेल्यातील कुटुंबांचा आवाज क्वचितच ऐकू आला.

२५/ कारण साईस हा बहुधा क्लबचा नोकर नसतो, तो ट्रेनरकडे कामाला असतो. घोडा मालकाचा, परवाना ट्रेनरचा, मैदान क्लबचे. ट्रेनर बदलला किंवा मालकाने घोडा विकला की साईसाच्या हातातील दोरी दुसऱ्याच्या हाती जाते. या क्षेत्रात उतरणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे : साईस म्हणून अनुभव मिळतो, सुरक्षितता मिळत नाही. अप्रेंटिसचा परवाना, नालबंदाचे कसब, पशुवैद्यकाची पदवी या तीन गोष्टी मात्र स्वतःच्या असतात. घोडा विकला गेला तरी त्या विकल्या जात नाहीत.

२६/ आता सभासदाचा तो तपशील. रेसच्या दिवशी विकल्या जाणाऱ्या छापील पुस्तिकेत घोड्याचे नाव असते, त्याच्या आई-बापांचे असते, मालकाचे, ट्रेनरचे आणि जॉकीचेही असते. पाठीवरचे वजन छापलेले असते. त्या घोड्याला पहाटे उठवणाऱ्या, त्याच्या पायांना पट्ट्या बांधणाऱ्या आणि पॅडॉकमध्ये लगाम धरून त्याला फिरवणाऱ्या साईसाचे नाव त्यात नसते. १७ व्या शतकाच्या बखरीने पंचवीस घोड्यांमागचा पखालजी आणि नालबंद मोजला होता.